हुजूरपक्ष, मजूरपक्ष आणि वरपक्ष

गेल्या पंधरवड्यात मी आमच्या घरच्या ग्रुपमधून तडकाफडकी बाहेर पडलो. ग्रुप म्हणजे मोबाइलवरचा; घरातून बाहेर पडायची हिंमत मला या वयातही नाही. भांडणाचं कारण विलायतचं सरकार. माझी भाची तिकडे एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं लिहिलं की बाहेरून आलेल्यांच्या मुक्कामाचे नियम सरकार आणखी कडक करणार आहे. झालं. माझा मुलगा पुण्याहून म्हणाला, प्रत्येक देशाला आपलं दार लावून घ्यायचा हक्क आहे. पुतण्यानं यवतमाळहून विचारलं, हे लोक आपल्या दारात आले तेव्हा कडी वाजवून आले होते का? मी म्हणालो, निदान मजूरपक्षाच्या सरकारनं तरी असं वागू नये. त्यावर पोरांनी विचारलं की मजूरपक्ष म्हणजे काय. मी समजावून सांगायला लागलो तर हसऱ्या तोंडांची चित्रं रांगेनं आली, आणि पाठोपाठ चिरंजीवांचा सवाल, 'बाबा, तुम्ही नागपूरच्या पुढे कधी गेलात?' हे खरं असल्यामुळे मला फार लागलं. मी उठलो आणि बाहेर पडलो. बाहेर पडल्यावर लक्षात आलं की आता परत कसं जायचं ते मला माहीत नाही. ती सोय म्हणे आतल्या माणसाच्या हातात असते.

पण विलायतच्या सरकारवरून आमच्या घरातून कोणी उठून जायची ही पहिली वेळ नव्हे. पहिल्या वेळी जो उठला होता त्याच्या उठण्यावर माझ्या बहिणीचं लग्न टांगलेलं होतं, आणि त्याला उठवलं होतं मी. म्हणजे मी फक्त बातमी सांगितली होती. पण बातमी सांगणाऱ्याचं काही चुकत नाही, यावर माझ्या बहिणीचा आजही विश्वास नाही.

आमचं गाव कळंबच्या अलीकडे, सडकेपासून आत. घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलूंचं छप्पर. समोर ओसरी, मग मधली खोली, तिच्या मागं सैपाकघर. भिंती बांधणाऱ्यानं त्या छपरापर्यंत नेल्याच नव्हत्या. हातभर जागा मोकळी सोडून तो बहुधा जेवायला गेला आणि परत आला नाही. त्यामुळे सैपाकघरातल्या फोडणीचा ठसका ओसरीवरच्या पाहुण्याला लागायचा आणि ओसरीवरची कुजबूज चुलीपुढच्या बायांना बसल्या जागी मिळायची. घरात गुपित राहायचं ते फक्त दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. कारण तेव्हा मधल्या खोलीत कापूस भरलेला असायचा, पार आढ्याला टेकेपर्यंत, जायला-यायला एका अंगानं वाट ठेवून. कापूस आवाज खातो. कापसाच्या घरात ज्यानं दिवस काढले त्याला हे सांगावं लागत नाही. ओसरीवरून 'माय, पाणी दे' म्हटलं तर आत नुसतं 'दे' पोचायचं, आणि माय आतून विचारायची, 'काय देऊ?' आणखी मोठ्यानं ओरडलं तर अर्धं वाक्य पोचायचं. ते अर्धं कोणतं, हे कापूस ठरवायचा. घरभर एक कोरडा, उबट वास असायचा, अंगाला खाज सुटायची आणि जेवताना कढीत एखादं तरी बोंड तरंगताना दिसायचं. आत्या ते चमच्यानं काढून म्हणायची, 'लक्ष्मी हाय, काही होत नाई.' आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन परत आली ती घराचा ताबा घेऊनच.

त्या साली शिमगा तोंडावर आला तरी कापूस घरातच होता. कापूस-खरेदीच्या केंद्रावर हमालांचा संप झाला होता. बाबा भरलेल्या गाड्या घेऊन गेले, रांगेत उभे राहिले, बैलांनी कडबा खाल्ला, बाबांनी फुटाणे खाल्ले, आणि तो कापूस घेऊन सगळे परत आले. तेव्हापासून घरात 'संप' हा शब्द कोणी उच्चारला की बाबा हातातली तंबाखूची चिमूट परत डबीत टाकायचे. तंबाखू परत ठेवणं ही त्यांच्या रागाची शेवटची पायरी होती.

बाबांना लंडनहून येणाऱ्या हिंदी बातम्यांचा नाद होता. आपल्या तालुक्यात काय घडलं हेसुद्धा लंडननं सांगितलं तरच खरं, असं त्यांचं मत. रेडिओ होता, पण सेल महाग. म्हणून उतरलेले सेल आत्याच्या कुरडयांच्या शेजारी उन्हात वाळत घातले जायचे. आत्या कुरडया उलटताना सेलही उलटायची, आणि बाबा म्हणायचे की बातम्यांना कुरडयांचा वास येते. त्या वाळवलेल्या सेलांवर रेडिओ बोलायचा तो आजाऱ्यासारखा. शिट्टी वाजायची, समुद्र खवळायचा, मध्येच कोणी तरी चिनी माणूस बोलून जायचा आणि त्याच्या आडून लंडन. ऐकू यायचं ते फक्त रेडिओला कान चिकटवून बसणाऱ्याला. तो कान माझा. मी तेव्हा कळंबच्या कॉलेजात अकरावीत होतो, दुसऱ्यांदा. संध्याकाळी ओसरीवर बाबा, शेजारचे देवरावकाका आणि आणखी दोघं-चौघं जमायचे, मी कान लावून ऐकायचो आणि मोठ्यानं पुढं सांगायचो. थोडंफार माझ्या पदरचंही घालायचो. पाणी घातलं तरी दूध उतू जाईल अशा बेतानं ते घालणारा गवळी आणि मी, दोघांचा धंदा एकच.

विलायतेत तेव्हा एका बाईचं सरकार होतं आणि कोळशाच्या खाणीतल्या मजुरांनी त्या सरकारविरुद्ध वर्षभर संप धरला होता. कळंबच्या वाचनालयात मी पेपर वाचायचो. त्यात लिहिलेलं असायचं की तिथं दोन मोठे पक्ष, बाईचा तो हुजूरपक्ष आणि समोरचा तो मजूरपक्ष. हे शब्द मी ओसरीवर आणले आणि गावात दुफळी झाली. मी अतिशयोक्ती करत नाही. थोडीच करतो आहे. बाबा कट्टर हुजूर. 'बाई खमकी हाय,' ते म्हणायचे. 'अंथरूण पाहून पाय पसरा म्हनते. त्यात काय चुकलं तिचं?' देवरावकाका तेवढेच कट्टर मजूर. त्यांचं म्हणणं, अंथरूण तिनंच ओढून घेतलं अन् वरून पाय मोजून राह्यली. वाद पारावर गेला, पारावरून न्हाव्याच्या दुकानात गेला. मारुतीच्या देवळातल्या भजनात पेटी वाजवणारा हुजूर निघाला आणि टाळवाले सगळे मजूर, म्हणून काही दिवस भजन नुसत्या टाळांवर चाललं. ज्यांनी पुसदच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं ती माणसं लंडनच्या कोळशावरून एकमेकांची तंबाखू बंद करून बसली. आत्यानं एकदाच तोंड घातलं. तिनं विचारलं, 'हा हुजूरपक्ष लागते कधी अन् सरते कधी? पोरीच्या लग्नाचं पाहायचं हाय. पितरपक्षात तं काही करता येत नाई, याच्यात चालते का?'

पोरगी म्हणजे सुमनताई, माझी मोठी बहीण. यवतमाळला डी.एड.ला होती, एक वर्ष राहिलं होतं. तिला पाहायला स्थळं येत आणि पोहे खाऊन जात. मग मामानं वणीकडचं एक स्थळ आणलं. मुलगा प्रकाश, कोळसा खाणीच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्याचे वडील खाणीत माइनिंग सरदार. मामा नुसतं 'सरदार' म्हणाला, तर आत्या आधी घाबरली की पगडीवाले असतील, पोरीला गुरुद्वारात जावं लागेल. मग मामानं सांगितलं की खाणीखाली गँग उतरते, सुरुंग लागतो, त्यावर देखरेख करणाऱ्याला सरदार म्हणतात. आपल्यासारखेच कुणबी आहेत, भाकर खातात. कळंबला चिंतामणीच्या देवळात दोन्हीकडच्यांनी मुलामुलीला एकमेकांना दाखवलं. प्रकाशरावांनी ताईला विचारलं, पायऱ्या निसरड्या आहेत, सांभाळून उतरता ना? इतकंच. पण घरी आल्यावर ताई दोन दिवस चुलीत फुंकर मारतानासुद्धा हसत होती. आधीच्या स्थळांच्या वेळी ती चुलीला शिव्या द्यायची.

तिची एकच अट होती. डी.एड.चं उरलेलं वर्ष पुरं करू द्यायचं, तोवर यवतमाळच्या होस्टेलात राहू द्यायचं. लग्न झालं की पोरीचं शिक्षण कसं सुटतं हे तिनं तिच्या मैत्रिणींचं पाहिलेलं होतं. 'मले थे घर पायजे,' ती मायला म्हणाली, 'पन अर्धवट मास्तरीन होऊन जायचं नाई.' बैठकीत ही अट घालायचं बाबांनी कबूल केलं. अट घालताना आवाज कसा ठेवावा याचा ते गोठ्यात बैलांपुढे सराव करत होते हे मी स्वतः ऐकलं आहे.

बैठकीच्या दिवशी सकाळपासून घराची घालमेल. पुरण शिजत होतं, गोळाभाताचे गोळे वळले जात होते, कढीला कढीपत्ता मागायला मला देवरावकाकांकडे पाठवलं गेलं आणि काकांनी तो देताना सांगितलं, 'हुजुराइले सांगजो, मजुराच्या झाडाचा हाय.' आत्या सकाळपासून वरपक्षाला 'हुजूर' म्हणत होती. हुजूर किती वाजता येतात, हुजुरांना तिखट चालतं का, हुजुरांची गादी झटकली का. पोरीवाले आपण मजूर, ते हुजूर, असा तिचा सरळ हिशोब. सैपाकघरातल्या सगळ्या बाया मग तसंच म्हणायला लागल्या. आणि ताईनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, 'पाहुणे हायेत तोवर तुह्या तोंडातून या-बसा अन् पानी घ्या याच्यापुढं काही निघालं ना बाल्या, तं मी तुहा रेडिओ चुलीत घालीन.' मी मान हलवली. मान हलवताना माझा हेतू शुद्ध होता.

पाहुणे आले. सरदार म्हणजे उंच, काळेशार, मिशा पांढऱ्या. हातावर निळसर बारीक ठिपके, कोळशानं कातडीत कायमचे गोंदलेले. बाजूला प्रकाशराव, अंगात नवा सदरा आणि सदऱ्याच्या घड्या तशाच. जेवणं झाली. सरदारांनी कढी वाटीनं नाही, ताटानं प्यायली. माय दाराआडून पाहून खूश झाली. पान-सुपारी आली. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवसही बोलून झाला. आता फक्त बाबांनी घसा खाकरून अट सांगायची राहिली होती. बाबांनी घसा खाकरला. मग पुन्हा खाकरला. बैलांपुढे जमलेलं माणसांपुढे जमेना. आत बाया कापसाच्या वाटेच्या सैपाकघराकडच्या तोंडाशी दाटीवाटीनं कान देऊन उभ्या. आणि तेवढ्यात सरदारांनी कोनाड्यातला रेडिओ पाहिला.

'लंडन लागते का हो याच्यावर?' त्यांनी विचारलं. 'बातम्याची वेळ झाली. आमच्या वस्तीत बातम्या आयकल्याशिवाय कोनी झोपत नाई. फक्त मले मोठ्यानं सांगा बाप्पा. सुरुंगानं कान नेले माह्ये.'

बाबांचा जीव भांड्यात पडला. अट पुढं ढकलता आली. त्यांनी अभिमानानं माझ्याकडे बोट केलं. मी आतल्या दाराकडे पाहिलं, तिकडं फक्त कापूस दिसला. पाहुण्यांचा मान राखणं हेही या-बसा यातच येतं अशी मी मनाची समजूत घातली आणि कान रेडिओला लावला. शिट्टी, समुद्र, चिनी माणूस, मग लंडन. बातमी मोठीच होती. संप मोडला होता. आणि अर्ध्या बहिऱ्या माणसाला ऐकू जावं म्हणून मी जन्मात ओरडलो नव्हतो तेवढ्यानं ओरडलो, 'हुजूरपक्षानं एकही अट मान्य केली नाई. मजूर हात हालवत वापस गेले. समदं संपलं.'

सरदारांच्या हातातलं पान तसंच राहिलं. बाबांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, 'बेस झालं.'

'काय बेस झालं?' सरदारांनी विचारलं. हे मात्र त्यांना नीट ऐकू गेलं होतं.

इथं मामानं बाबांना पाय मारला. लागला तो माझ्या गुडघ्याला. बाबा थांबले नाहीत. मधल्या खोलीत अडकलेला कापूस त्यांच्या घशातून बाहेर येऊ लागला. संप करणारे लोक दुसऱ्यांची वर्षाची कमाई कशी कुजवतात, बाईनं त्यांना कसं एकदाचं दावणीला बांधलं, तोट्यातल्या खाणी बंद करायच्या नाहीत तर काय त्यांची पूजा करायची. सरदारांनी सगळं ऐकून घेतलं. मग बाबांना व्याही मानूनच अगदी हळू विचारलं, 'इवाई, तोट्यातलं वावर तुम्ही दरसाली काहून पेरता मंग?'

सगळ्या जिल्ह्यात या प्रश्नाला उत्तर नाही, आजही नाही. आणि ज्या प्रश्नाला उत्तर नसतं तो अपमान असतो. बाबांनी तंबाखूची चिमूट परत डबीत टाकली. म्हणाले, 'माह्या ओसरीवर बसून माह्या वावराले तोट्यातलं म्हनता?' सरदार उठले. 'तुमच्या ओसरीवर नाई बसत मंग. चाल रे प्रकाश.' प्रकाशराव उभे राहिले, पण तोंडात पानाचा तोबरा होता, त्यामुळे त्यांना जे काही म्हणायचं होतं ते लाल होऊन ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलं, नव्या सदऱ्यावर. मामा चपलांवर जाऊन उभा राहिला. सरदारांनी त्याला बाजूला सारलं आणि एक चप्पल पायात घातली.

आता आत काय झालं ते. हे मला नंतर मायनं सांगितलं, आत्यानं सांगितलं आणि ताईनं माझा कान धरून सांगितलं. भांडण आत पोचलंच नाही. ते साध्या आवाजात झालं, कापसानं सगळं खाल्लं. पोचली ती फक्त माझी आरोळी. तीसुद्धा अर्धी. हुजूरपक्षानं अट मान्य केली नाही, समदं संपलं. सकाळपासून त्या घरात हुजूर म्हणजे वरपक्ष. अट म्हणजे ताईचं डी.एड. आत्यानं पदर तोंडाला लावून सूर धरला. माय कढीच्या पातेल्यावर झाकण ठेवून मटकन खाली बसली. आणि ताई, जिनं चहाचा ट्रे धरून खाली मान घालून यायचं असतं, ती पदर खोचून, कापसाच्या ढिगाला घासत, केसांत बोंडं अडकलेली, थेट ओसरीवर येऊन उभी राहिली. मुलीनं बैठकीत असं आलेलं आमच्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. मामानं कपाळाला हात लावला.

'मोठे बाबा,' ती सरदारांना म्हणाली, 'जाच्या आधी एक सांगा. आमची काही लय मोठी मागनी नोती. एका वर्साचा तं सवाल होता. तेवढी एक अट मानली असती तं तुमचं काय जात होतं? अन् नाई मानायची तं कारन तरी सांगता का नाई? का आमी लहान मानसं म्हून कारनबी नाई सांगायचं?'

तिचा आवाज मोठा होता. सरदार एक पाय चपलेत, एक पाय बाहेर, असे थांबले. ताईकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. मग त्यांनी ती चप्पल काढली, सावकाश येऊन गादीवर बसले आणि डोळे पुसले.

'इवाई,' ते म्हणाले, 'तुमच्या घरात एक तरी मानूस मजुराच्या बाजूनं हाय. वर्सभर उपाशी राह्यले थे लोक. अन् बाईनं त्याइले कारनबी नाई सांगतलं. हेच तं मी म्हनून राह्यलो. या पोरीनं बरोबर धरलं.' मग ताईला म्हणाले, 'पोरी, थ्या बाईनं नाई मानली तं नाई मानली. तू सांग काय अट हाय. मी मानतो.'

ताईनं विचारलं, 'कोनती बाई?' मी तिच्या पायाला चिमटा काढला. आयुष्यात मी केलेल्या शहाणपणाच्या गोष्टी फार नाहीत, त्यात हा चिमटा मी वरचा धरतो. ती कळवळली, थांबली आणि मग म्हणाली, 'डी.एड. पुरं करायचं हाय. एक वर्स यवतमाळले राहीन.'

सरदारांनी मुलाकडे पाहिलं. प्रकाशराव पान गिळून टाकत होते, त्यांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत मान हलवली. 'मंजूर,' सरदार म्हणाले. आत्या आतून एवढंच ऐकून किंचाळली, 'मजूर? आता कोन मजूर?' आणि मग एकदाचं सगळं घर हसलं, बाबा सोडून. बाबांनी थोड्या वेळानं डबी उघडली, चिमूट घेतली आणि डबी सरदारांपुढे केली. सरदारांनीही घेतली. हुजूर लंडनला जिंकले आणि कळंब तालुक्यात पडले, हे देवरावकाकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर जाहीर केलं. भजनात पेटी परत आली.

ताई डी.एड. झाली, वणीकडे गेली, पुढं तिथल्या शाळेत मास्तरीण लागली. सरदारांनी वस्तीभर सांगून ठेवलं होतं की सून आमची पक्की मजूरवाली आहे, हुजुराच्या घरात जन्मून मजुराची बाजू घेतली तिनं, भर बैठकीत. खाणीच्या दारावरच्या सभेत त्यांनी तिला एकदा स्टेजवर बसवलं. ताईनं मला गुपचूप निरोप पाठवला की विलायतच्या खाणीबद्दल जे असेल ते लिहून पाठव, इथं लोक मला विचारतात. मी आठवेल तेवढं लिहिलं, उरलेलं माझ्या पदरचं घातलं. तिनं तेच भाषण केलं. टाळ्या पडल्या म्हणे.

सरदारांचे कान पुढं पारच गेले. टीव्ही आला तरी बातम्या त्यांना कानात ओरडूनच सांगाव्या लागत, आणि ते काम ताईकडे आलं. विलायतेत निवडणूक झाली, हुजूरपक्ष पुन्हा आला. ते ऐकून म्हातारा ताटावरून उठून जाईल म्हणून ताईनं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, 'मजूर जिंकले.' सरदार समाधानानं जेवले. त्याच्या पुढच्या निवडणुकीतही हुजूर आले आणि ताईनं पुन्हा मजूर निवडून आणले. मग एकदाचा तिकडं मजूरपक्ष खरोखरच आला. मी त्या दिवशी योगायोगानं तिच्याकडे होतो. ताईनं हातातलं काम टाकलं, धावत गेली आणि त्यांच्या कानात ओरडली, 'बाबा, मजूर जिंकले. खरंच जिंकले.'

सरदारांनी भाकरीचा तुकडा मोडला. 'आता खरंच का?' त्यांनी विचारलं. 'मंग याच्या आधी दोनदा कोन जिंकलं होतं?'

ताई गोरीमोरी झाली. सरदार हसायला लागले. म्हणाले, 'दुसऱ्या दिवशी युनियनच्या हापिसात पेपर येत होता ना बाई. मी का वाचत नोतो?' मग भाकर कढीत बुडवत, आमच्याकडे न पाहता म्हणाले, 'बैठकीच्या दिवशीबी मले मालूम होतं. तू खाणीतल्या मजुराबद्दल नोती बोलून राह्यली.'

ताईनं विचारलं, कसं मालूम.

'बोलत माह्याशी होती अन् पाहून प्रकाशकडे राह्यली होती. विलायतच्या मजुरासाठी कोनी कंपाउंडरकडे पाहते का?' आणि मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. 'मी रागानं उठलो तं होतो, पन उठल्याबरोबर समजलं का चुकलं. आता आपल्या मनानं कसं बसावं? उठलेल्या मानसाले बसाले कारन लागते. तू आली कारन घेऊन. मंग मी कायले पुसत बसू, थे कारन लंडनचं हाय का यवतमाळचं?'

सरदार जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबाही गेले. मधली खोली आहे, पण कापूस आता वावरातूनच गाडीत चढतो आणि घरातला आवाज घराबाहेर जातो. हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा ग्रुपमधून बाहेर पडून मला पंधरवडा झाला होता. तिकडं काय चाललं हे कळत नव्हतं, आणि विचारणार तर कसं? मी दिवसातून कितीदा तरी मोबाइल उघडायचो आणि चष्मा पुसून बंद करायचो. बायकोनं दोनदा विचारलं, कोनाची वाट पाहून राह्यले? मी म्हणालो, कोनाचीच नाई.

काल दुपारी ताईचा फोन आला. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तो विषय झाला. लोणचं झालं. मग म्हणाली, 'बाल्या, माही पोट्टी तिकडच्या सरकारबद्दल काय काय लिहून राह्यली, अन् हे समदे एकाच वेळी बोलते. मले तं डोयानंबी दिसत नाई सध्या. तू वाचून मले फोनवर सांगत जाय बरं. मोठ्यानं.' मी म्हणालो, मी त्या ग्रुपात नाही. ती म्हणाली, 'मालूम हाय.' आणि फोन ठेवला. थोड्या वेळानं मोबाइल वाजला. मी पुन्हा ग्रुपाच्या आत होतो.

मी बसलो. पहिलीच चिठ्ठी माझ्या मुलाची होती, मजूरपक्षाच्या धोरणाबद्दल, आणि ती साफ चुकीची होती.